इस्त्रीबाईच्या चिठ्ठ्या

इस्त्रीबाईला देव चालतो, देवाची पुस्तकं चालत नाहीत, असं आमच्या चर्चमध्ये बोललं जातं. साफ खोटं आहे. चर्चच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, त्यामुळे कोण काय वाचतं हे मला कुणी सांगायला नको. बाकीचे लोक पुस्तक नेतात, उशाशी ठेवतात आणि वर चहाच्या कपाचा गोल डाग पाडून परत आणतात. ही बाई पुस्तक वाचते, आणि वाचता वाचता त्याच्याशी भांडते.

ती लाँड्रीत वाफेच्या प्रेसवर काम करते. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या. दिवसभर उभं राहून पायांच्या शिरा फुगलेल्या. हँगरच्या दांडीला ती चिमट्याने पुस्तक अडकवून ठेवते आणि प्रेस तापेपर्यंत दोन पानं उरकते. मालक कुरकुरतो. "तुमचा पगार कापला म्हणून माझं वाचन थांबेल असं वाटतं का?" असं तिने त्याला एकदा विचारलं. पगार देता-घेताना दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

आमच्या कपाटाची एक जुनी रीत आहे. पुस्तक वाचून झालं की दोन ओळींची चिठ्ठी लिहायची, खाली सही करायची आणि ती मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला खळीने चिकटवायची. पुढच्याला कळावं, पुस्तक कसं आहे. कळत काही नसे, कारण सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच मजकूर: "फार आशीर्वाद मिळाला." एका जाडजूड चरित्राची मधली पानं छापखान्यातून जोडलेलीच आली होती, कुणी कापलीच नव्हती. त्यावरही तिघांना आशीर्वाद मिळाला होता.

मग इस्त्रीबाईच्या चिठ्ठ्या दिसू लागल्या.

"या लेखकाची प्रत्येक प्रार्थना संध्याकाळच्या आत ऐकली जाते. त्यांचा पत्ता कळवावा."

"निम्म्यापर्यंत चांगलं. पुढे लेखक स्वतःवरच खूश होतो."

"यातल्या आंधळ्या म्हातारीसाठी मी रडले. एका गिऱ्हाइकाची बाही करपली. तरी वाचा."

लोक पुस्तकाऐवजी चिठ्ठ्या वाचायला कपाटाशी येऊ लागले. मी तिथे एक खुर्ची टाकली.

इथवर कुणाची ना नव्हती. भांडण झालं ते निळ्या कव्हरच्या पुस्तकावरून. आमच्यात कुणाच्या घरी मृत्यू झाला की महिला मंडळ ते सांत्वनाचं पुस्तक घेऊन जातं. घरच्यांनी वाचायचं आणि मन शांत झालं की परत द्यायचं. इस्त्रीबाईची एकुलती एक लेक तापाने गेली तेव्हा ते तिच्याही घरी गेलं. परत आलं ते अशा चिठ्ठीसह: "यात लिहिलं आहे की विश्वास पक्का असेल तर डोळ्यांत पाणी येत नाही. प्रभू स्वतः मित्राच्या थडग्यापाशी रडला. त्याचा विश्वास कच्चा होता का? दुःखाच्या घरी हे पुस्तक देऊ नये. दिलंच तर आधी ही चिठ्ठी वाचावी."

त्यानंतर आमच्याच चर्चमधल्या, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींची बायको गेली आणि पुस्तक, चिठ्ठीसकट, त्यांच्याकडे पोचलं. हे आमच्या पंचांच्या चिटणीसांना कळलं. पंच म्हणजे चर्चचा कारभार पाहणारी माणसं, आणि चिटणीस म्हणजे त्यांतले सर्वांत कामसू, हेच दुर्दैव. पंचांनी ठरवलं: तिच्या सगळ्या चिठ्ठ्या काढायच्या. पण ओढून काढल्या तर पुठ्ठ्याचा कागद फाटणार. वाफ दिली तर अलगद सुटतील. आणि वाफ कुणाकडे?

चिटणीस पुस्तकांच्या पिशव्या घेऊन थेट लाँड्रीत गेले. मीही गेले, असला तमाशा मी चुकवत नाही.

"ताई, तुमच्याच चिठ्ठ्या आहेत, तुम्हीच जपून काढाल," ते म्हणाले. या माणसाच्या धाडसाला मी आजही दाद देते.

इस्त्रीबाईने प्रेसचं झाकण उचललं. "कुणी ठरवलं?"

"पंचांनी."

"पंचांनी पुस्तक वाचलंय?"

"वाचण्याचा प्रश्न नाही, ताई. दुःखात असलेल्या माणसाचा विश्वास डळमळतो अशाने."

"माझी लेक गेली तेव्हा मी दुःखात होते ना?"

चिटणीसांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मग मला विचारा काय डळमळलं ते. मी लेकीसाठी रडायचे, आणि रडले म्हणून वर देवाची माफी मागायचे. तुमच्या पुस्तकाने शिकवलं हे. पोटची पोर गेलेली, आणि मी माफी मागतेय!" तिने शर्ट असा झटकला की चिटणीस मागे सरकले. "मी काय चूक केली होती हो?"

"भावना समजते. पण चिठ्ठ्या राहिल्या तर तुम्हाला कपाट बंद. एकही पुस्तक मिळणार नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. "मावशी, किल्ली तुमच्याकडे आहे ना?"

"आहे," मी म्हणाले.

"कपाट पंचांचं आहे," चिटणीस म्हणाले.

तिने थोडा वेळ निळ्या पुस्तकाकडे पाहिलं. पुस्तकांशिवाय ती कशी राहील, हे मला कळेना. लेक गेल्यापासून घरात तिच्याशी बोलणारं दुसरं होतंच कोण?

"ठेवा इथे," ती म्हणाली. "रविवारी आणते."

रविवारी उपासना संपल्यावर पुस्तकं टेबलावर आली. पानं इस्त्री केल्यासारखी सपाट, पुठ्ठे स्वच्छ. चिटणीसांनी एक उघडलं, दुसरं उघडलं, तिसरं उघडलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. कुठल्याच पुस्तकात कुणाचीच चिठ्ठी नव्हती.

"यात माझ्या आईची चिठ्ठी होती," ते म्हणाले. त्यांची आई जाऊन फार दिवस झाले नव्हते.

"आहे ना. खोक्यात." तिने शर्टांचं पुठ्ठ्याचं खोकं पुढे केलं, पण हात झाकणावरच ठेवला. "एकही फाटलेली नाही."

"अहो, मी फक्त तुमच्या काढायला सांगितल्या होत्या!"

"वाफेला सही वाचता येत नाही, साहेब. परत लागतील तर सगळ्या लागतील. नाहीतर एकही नाही."

गलका झाला. औषधांच्या दुकानातली काकू ओरडली, "माझ्या चिठ्ठीने काय घोडं मारलं होतं गं?" कुणी म्हणालं, ही अडवणूक आहे. होतीच. मग?

पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, मध्ये पडले. माणूस गोड. "ताई, 'देऊ नये' एवढेच शब्द बदला. 'विचार करून द्यावं' असं लिहा."

"साहेब, तुमच्या उपदेशातला शब्द मी कधी बदलायला सांगितला? आणि काही वेळा सांगायला हवा होता."

पाळकीणबाई सगळ्यांत मोठ्याने हसल्या.

घड्याळजी मागे उभे होते. ते फारसे बोलत नाहीत. "मला चिठ्ठी कामाला आली," ते म्हणाले. "पुस्तकाचं माहीत नाही. चिठ्ठी वाचली आणि रडायला बसलो, ते उघडायचं राहूनच गेलं."

पंच आतल्या खोलीत गेले. दाराबाहेर आम्हाला सगळं ऐकू येत होतं, आणि बरंचसं बोलणं उपासनेच्या जागी शोभण्यासारखं नव्हतं. बाहेर आले तेव्हा ठरलं होतं: सगळ्या चिठ्ठ्या परत लागतील. निळं पुस्तकही कपाटात राहील, पण त्यात चिटणीस आपलंही मत लिहितील.

त्यांनी तिथेच लिहिलं: "मला हे पुस्तक उत्तम वाटलं. आई गेली तेव्हा मला याचाच आधार झाला."

इस्त्रीबाईने ते वाचलं. "खरं आहे हे?"

"खरं आहे."

"मग लावा. पण माझ्या शेजारी लावा. माझ्यावर नको."

खळ तिने घरून आणली होती. आधी तिने आपली चिठ्ठी लावली. चिटणीसांनी लावलेली चिठ्ठी वाकडी बसली, तिने ती सरळ केली, अंगठ्याने कडा दाबल्या आणि पुस्तक उघडंच टेबलावर ठेवलं. "वाळल्याशिवाय कुणाच्या हातात द्यायचं नाही, मावशी," असं मला दरडावून ती खोक्यातली पुढची चिठ्ठी काढू लागली.