रोमन नाण्याला मी पाडलेलं भोक

आमचं घराणं सोनाराचं. मी मात्र सौदीत जिझानजवळ पाइपलाइनच्या कामावर वेल्डर म्हणून आलो. हे आधी सांगतो, कारण ते भोक अडाण्याच्या हातून पडलेलं नाही.

माझ्या खोलीत माझ्याच गावचा एक प्लंबर राहायचा. चर खणताना त्याला सोन्याचं नाणं सापडलं, अंगठ्याच्या नखाएवढं, जाड. शुक्रवारी जेवण झाल्यावर त्याने ते माझ्या तळहातावर ठेवलं. एका बाजूला जाड मानेच्या राजाचं डोकं, केसांवर पानांचा मुकुट, कडेने अक्षरं. मागे राजा उभा, एक पाय एका माणसाच्या पाठीवर. खालच्याचे हात मागे बांधलेले.

"हा उभा कोण रे?"

"कफील," मी म्हटलं. म्हणजे ज्याच्या हाती आमचा इकामा, इथे राहायचा परवाना, तो अरब मालक.

"आणि खालचा मी! मेल्या, इकामा दिसतोय का बघ त्याच्याकडे."

पोट धरून हसलो. मग तो म्हणाला, "पोरीच्या लग्नात पुतळ्यांच्या माळेत मधोमध घालीन म्हणतो. कडी लावून दे."

आमच्याकडे बायकांच्या गळ्यात पुतळ्या असतात, आकृत्या उठवलेल्या सोन्याच्या चकत्या. मलाही ते तसंच वाटलं, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. नाणं पुरातन आहे, ते सरकारात द्यायला हवं, हे मला कळलं होतं. म्हणूनच तर म्हटलं, "कडी लागली की दागिना झाला. विमानतळावर कोण विचारतंय?" चिंचेने घासून ते झगझगीत केलं आणि राजाच्या डोक्यावर भोक पाडलं.

विमानतळावर त्याला धरलं. मला अरबी येते म्हणून कंपनीच्या माणसाने मलाच दुभाषा म्हणून नेलं. अधिकाऱ्याचा आवाज चढलेला नव्हता. नाणं रोमन बादशहाचं, म्हणाला, दोनेक हजार वर्षांपूर्वीचं. ते लपवून नेणं हा एक गुन्हा, त्याची नासधूस हा दुसरा. भोक कोणी पाडलं?

मी मराठीत विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलं, म्हणाला,

"मीच, म्हणून सांग. तुझी पोरं लहान आहेत."

आणि मी तसंच सांगितलं. अडखळलोसुद्धा नाही.

शिक्षा भोगून तो घरी पोचला तोवर मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. सुट्टीत मी भेटायला गेलो. तो पडवीत बसून होता. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही होतात तिथे, म्हणून एवढ्यावर निभावलं." त्याने मान खाली घातली. मुलीने चहा आणला, माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद दिला.

तो गेला त्याला आता वर्ष होईल. वहिनींना खरं सांगायचं म्हणून मी इथून फोन लावतो. त्या आधी माझ्या पोरांची चौकशी करतात. थोरल्याला नोकरी लागली, धाकटा शिकतोय, मी सांगत बसतो. त्यांना खरोखर आनंद होतो.