भिलाईला जाऊन बसवलेला ऑइल फिल्टर

नागपूरच्या सीताबर्डीवरून पहाटे निघालो तेव्हा माझ्या छापखान्यातले सगळे कंपोझिटर दारात उभे होते. माझ्या गाडीवर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त जीव. दोन माणसांची, विलायती बनावटीची, महायुद्धाच्या आधीची ही शर्यतीची गाडी मी एका भंगारवाल्याकडून गंजलेल्या सांगाड्याच्या रूपात आणली आणि छापखान्यामागच्या शेडमध्ये चार वर्षं खपून उभी केली. सगळं जमलं, एक सोडून. तिच्या इंजिनातलं तेल गाळणारा फिल्टर खाली, सायलेन्सरच्या नळीला चिकटून, जमिनीपासून वीतभर उंचीवर लोंबतो. विलायतेतल्या गुळगुळीत रस्त्यांवर ते चालत असेल. आपल्याकडे प्रत्येक दगड त्यालाच शोधत येतो.

उपाय मला ठाऊक होता. फिल्टर तिथून काढायचा, त्या जागी एक जाड पट्टी बसवायची आणि दोन नळ्यांनी तेल वर नेऊन इंजिनामागच्या पत्र्यावर दुसरा, मोठा फिल्टर उभा करायचा. पण तेलाचा दाब सोसणारी रबरी नळी नागपुरात मिळेना. अशात भिलाईहून माझ्या मेहुण्यांचं, वसंतरावांचं, पत्र आलं. ते तिथे रशियाच्या मदतीने उभ्या राहणाऱ्या पोलाद कारखान्यात, नकाशे काढणाऱ्या खात्यात होते. ‘इथे जगातली सगळी यंत्रं येऊन पडली आहेत,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘माती उपसणाऱ्या एका ठेकेदाराच्या वर्कशॉपमध्ये डोमाजी नावाचा फिटर आहे. मॅनेजर माझ्या ओळखीचे आहेत. गाडी घेऊन या.’

भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडली, साकोलीला चहा घेतला. देवरीच्या पुढे जंगल लागलं. फाल्गुनाचे दिवस होते. पळस पेटलेले, मोहाच्या झाडांखाली फुलांचा सडा आणि तो वेचणाऱ्या बाया. राजनांदगावच्या अलीकडे व्हायचं तेच झालं. खाली खाडकन आवाज आला आणि तेलाची काळी धार रस्त्यावर उमटू लागली. मी गाडीखाली आडवा होऊन फिल्टरच्या चिरेत धुण्याचा साबण दाबून भरत होतो, तेवढ्यात डोक्यावर मोहाची टोपली घेतलेली एक म्हातारी वाकून म्हणाली, “का होगे बाबू?” (काय झालं?)

“तेल गळतंय, आजी.”

तिने गाडीला एक फेरी घातली. “अतका नान गाडी?” (एवढीशी गाडी?) असं म्हणाली आणि हसत निघून गेली. साबणाच्या भरवशावर, दर काही मैलांना थांबून तेल ओतत, मी शिवनाथ ओलांडली आणि संध्याकाळच्या उन्हात भिलाईत शिरलो.

भिलाई तेव्हा अर्धी बांधून झालेली. रस्ते इतके रुंद की माझी गाडी त्यांवर खेळण्यासारखी दिसावी. एका अंगाला उंच भट्ट्या आणि चिमण्या, दुसऱ्या अंगाला एकसारख्या क्वार्टर्सच्या रांगा, सगळ्यांवर तीच तांबडी धूळ. सेक्टर सहामध्ये माझी धाकटी बहीण कुसुम दारातच उभी होती. मला पाहून आधी गाडीकडे आणि मग माझ्या तेलकट शर्टाकडे बघत म्हणाली, “दादा, तू आत येऊच नको. आधी मोरीत जा.”

दुसऱ्या दिवशी रविवार. वर्कशॉपचे मॅनेजर स्वतः दार उघडायला आले. पांढरी पँट, इस्त्रीचा बुशशर्ट, गोड बोलणं. गाडीभोवती फिरून ते खूश झाले आणि डोमाजींना म्हणाले, “भंगारातून काय लागेल ते घे. पाहुण्यांचं काम चांगलं झालं पाहिजे.” हे वाक्य मी ऐकलं, वसंतरावांनीही ऐकलं. मग मॅनेजर घरी नाश्त्याला गेले.

डोमाजी चाळिशीचे, किडकिडीत. तुमसरकडच्या शेतकरी घरातले. शेती भावांत वाटली गेल्यावर भातगिरणीत इंजिनं दुरुस्त करायला शिकले आणि तिथून इथे आले. गाडीखाली शिरून त्यांनी एकेक जोड हाताने चाचपून पाहिला. बाहेर आले ते हसत.

“ज्यानं हे बनवलं न भाऊ, त्याले दगड माईत नसन.”

मोडीत निघालेल्या एका यंत्राची जाड नळी त्यांनी आणली, वाकवून पाहिली, नखाने दाबली आणि टाकून दिली. तिसरी पसंत पडली. पोलादाची पट्टी कानशीने घासत बसले तेव्हा दर थोड्या वेळाने काचेच्या तुकड्यावर ठेवून तिची सपाटी बघत होते. माझ्या छापखान्यात एवढ्या निगुतीने कुणी टाइप जुळवत नाही. मध्येच डबा उघडून त्यांनी बासी (रात्रभर पाण्यात भिजवलेला भात) आणि कांदा माझ्यापुढे सरकवला. “इथलं खाणं हाये. आमी इथं आल्यावर शिकलो. उन्हाळ्यात पोटाले थंड.” खरंच थंड होतं, आणि चवीला किंचित आंबूस. मी मागून घेऊन खाल्लं.

दुपारपर्यंत फिल्टर उभा राहिला, पत्र्यावर, हाताला येईल असा. दोन्ही नळ्या जोडून झाल्या आणि मॅनेजर परतले. वाकून पाहिलं आणि म्हणाले, “नळ्या उलट्या जोडल्या आहेत.”

“नाई साहेब,” डोमाजी म्हणाले. “फिल्टरच्या डोक्यावर बाण कोरला हाये. पंपाचं तेल इकून येते, तिकून इंजिनात जाते.”

“मला शिकवतोस? बदल.”

“साहेब, आत एकतर्फी झडप हाये. उलटं लावलं त तेल जाणारच नाई.”

“बदल म्हटलं ना!”

डोमाजींनी माझ्याकडे पाहिलं. बाण मलाही दिसत होता. चार वर्षं त्या इंजिनाचा एकेक बोल्ट मी हाताळला होता. तरी मी बोललो नाही. ज्यांच्या वर्कशॉपमध्ये उभा आहे, त्यांना खोटं कसं पाडायचं, असा काहीतरी भिकार विचार माझ्या मनात होता. डोमाजींनी नळ्या बदलल्या.

मी इंजिन सुरू केलं. तेलाच्या दाबाचा काटा शून्यावरून हलेना. “रेस द्या, चढेल,” मॅनेजर म्हणाले. आणि मी, शहाणा माणूस, रेस दिली! फटकन नळी निसटली. गरम तेलाचा फवारा पांढऱ्या पँटवर, बुशशर्टवर, छतापर्यंत. मी इंजिन बंद केलं तोवर आतून ठकठक ऐकू आली होती.

“चोराच्या कामाला बरकत कशी येईल?” मॅनेजर रुमालाने तोंड पुसत ओरडले. “ही नळी स्टोअरमधली आहे. कुणाला विचारून घेतलीस?”

“तुमीच सांगतलं न साहेब, भंगारातून घे म्हणून.”

“मी? मी सांगितलं?”

वसंतराव जमिनीकडे बघत होते. मीही. आम्ही दोघांनी गाडी ढकलत घरी आणली.

जेवताना वसंतरावांनी कुसुमला सगळं सांगितलं. तिने माझ्या ताटात वाढायला घेतलेला भात परत भांड्यात टाकला.

“तुम्ही दोघं तिथे होता, आणि एकानेही तोंड उघडलं नाही? दादा, तुझ्या गाडीसाठी राबला ना रे तो?”

“इथे राहायचंय आपल्याला,” वसंतराव हळूच म्हणाले.

“त्यालाही राहायचंय.”

सोमवारी सकाळी आम्ही गेलो तेव्हा डोमाजी वर्कशॉपच्या फाटकाबाहेर उभे होते. हातात कागद: कंपनीचा माल परवानगीशिवाय घेतल्याचा आरोप. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांचा डबा उघडून तपासला होता. आजवर कधी तपासला नव्हता. डोमाजींनी तो कागद माझ्यापुढे धरला.

“मी कावून चोरीन? पाच सालं झाली, एक खिळा घरी नेला नाई म्या.”

माझं डोकं फिरलं ते तेव्हा. सरळ मॅनेजरच्या टेबलाशी गेलो. ते पुन्हा गोड झाले. “अहो, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? फिटर काय, रोज मिळतात. तुमची गाडी मी आजच्या आज नीट करून देतो.”

“तुमच्या हाताने माझ्या गाडीचं काय होतं ते काल पाहिलं,” मी म्हणालो. “नळी घ्यायला तुम्ही सांगितलं. उलटी जोडायला तुम्ही लावलं. चोर तो कसा?”

त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढून मी सगळी हकीकत लिहिली. ठेकेदाराच्या कलकत्त्यातल्या मुख्य कचेरीला पाठवणार, असं सांगून खाली सही केली. मान वर केली तर वसंतराव शेजारी उभे. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्या सहीखाली आपली सही केली. पूर्ण नावाची.

मॅनेजरनी डोमाजींकडून आरोपाचा कागद मागवून फाडला. मग म्हणाले, “चोरीचा आरोप मागे घेतो. पण कामावर ठेवत नाही. आता गरज नाही त्याची.” ठेकेदाराचा माणूस, कायम नोकरीतला नव्हे; त्याला काढायला एवढं पुरे होतं. मी तासभर भांडलो. काही उपयोग झाला नाही.

बाहेर येऊन डोमाजींना सांगितलं.

“तुमी कागद लिवला ते चांगलं केलं, भाऊ. पण काल बोलले असते त...” एवढंच म्हणून थांबले. “चला. गाडी पाहू.”

सेक्टर सहामध्ये, कुसुमच्या दारासमोर, त्यांनी बॉनेट उघडलं. पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकत राहिले. “वाचली,” म्हणाले. नळ्या बाणाप्रमाणे जोडल्या, तेल भरलं आणि मला इंजिन सुरू करायला सांगितलं. काटा सरसर वर चढला आणि तिथेच थांबला. बघायला जमलेल्या शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला हसू आलं नाही.

“माझ्याबरोबर नागपूरला चला,” मी म्हणालो. “काम मी बघतो.”

“नाई भाऊ. ह्या कारखान्याच्या पायाची माती आमच्या मशिनींनी उपसली. मी कावून जाऊ?”

परतीच्या वाटेवर एक थेंब गळला नाही. तेच जंगल, तेच पळस, पण मी फारसं काही पाहिलं नाही. कुसुमचं पत्र नंतर आलं. डोमाजींनी दोन महिने दुसऱ्या ठेकेदाराकडे लोखंड उचलायचं काम केलं आणि आता तिथेच त्यांना फिटर म्हणून घेतलं आहे. मॅनेजर होते तिथेच आहेत.

नागपुरात मोटारीचे शौकीन येतात, बॉनेट उघडायला लावतात, फिल्टरवरून हात फिरवतात. कुणी बसवला, असं विचारतात. भिलाईला बसवला म्हटलं की मान डोलावतात. “तरीच! तिथे रशियन इंजिनियर आहेत ना.”

मी बॉनेट बंद करतो, त्यांना बसायला सांगतो आणि डोमाजींचं नाव घेऊन सगळं पहिल्यापासून सांगतो. मी गप्प उभा राहिलो होतो, तेही.