नवाबाचं आवतण

रानातली प्लास्टिकची पन्नी आणि गावातला किस्सा, दोन्ही कुजत नाहीत! नांगर घातला की जुना वर येतो, ओढायला गेलं की त्याच्या शेपटाला दुसरा. झरीच्या शिवारात माझं रान बापूरावाच्या रानाला लागून. त्यामुळं आमच्या धुऱ्यावर, म्हणजे मधल्या बांधावर, असा ढीगच साचलाय. खरं-खोटं तुम्ही ठरवा, मी फक्त सांगायलोय.

*

बापूरावानं टरबुजाला पहिल्यांदा मल्चिंग पेपर अंथरला. तण येऊ नये म्हणून मातीवर पसरतात तो प्लास्टिकचा कागद, वरून चंदेरी. दिवस कलला आणि आख्खं रान येलदरीच्या धरणासारखं झुलायला लागलं. वारा आला की लाटा! आम्ही दोघं धुऱ्यावर बसून नुसते बघत राहिलो.

तेवढ्यात बदकांचा थवा उतरला. खरंच उतरला! पाय भिजंनात, चोची बुडंनात. बराच वेळ बिचारी एकमेकांची तोंडं बघत बसली.

मागून सुलतानभाई आला. गावचा भंगारवाला, आमचा लंगोटीयार. म्हणाला, "बापूराव, पाणी तर झालं. आता मासे सोडा!"

दुसऱ्या साली मीही कागद अंथरला. बदकांसाठी!

*

टरबूज निघालं, कागद फाटला. निम्मा मातीत गेला, निम्मा वाऱ्यानं धुऱ्यावरच्या बाभळीवर चढला. काटा न् काटा चंदेरी! दुपारी तिच्याखाली डोळे मिटले, की लांब कुठंतरी पाऊस पडायलाय असं वाटायचं.

पाथरीहून बापूरावाचे व्याही आले. त्यांनी लांबूनच चपला काढल्या, बाभळीखाली नारळ फोडला आणि हात जोडले. "जागृत दिसतंय स्थान!"

व्याह्यांना खोटं कसं पाडायचं? बापूरावानं गुमान खोबरं खाल्लं. आठवड्याभरात बुंध्याला शेंदूर लागला. आता पन्नी काढायची कुणाची टाप!

*

नवाब म्हणजे बापूरावाचा बैल. लाल कंधारी जातीचा, चाल अशी की रस्त्यावरच्या मोटारसायकलीनं थांबावं. बापूराव बायकोला अगं म्हणतो, नवाबाला अहो!

एक दिवस नवाबाचं पोट फुगलं, रवंथ बंद. बापूराव त्याच्या मानेवर हात ठेवून बसला तो उठेचना. डॉक्टर म्हणाले, "पोट उघडावं लागंल."

उघडलं. टरबुजाच्या सालीबरोबर गेलेला चंदेरी कागद निघाला, नायलॉनची दोरी निघाली, खताच्या गोणीचं अस्तर निघालं. शेवटी एक फ्लेक्सचा तुकडा. त्यावर हसरा बापूराव, हात जोडलेला! वाढदिवसाचा फ्लेक्स त्यानं कडब्यावर झाकला होता.

सुलतानभाई गंभीर होऊन म्हणाला, "नवाबानं तुमालाबी गिळलं व्हतं, बापूराव. पण पचले न्हाईत तुमी!"

डॉक्टरसुद्धा हसले. बापूराव हसला नाही. नवाबाच्या कानाशी वाकून म्हणाला, "उठा तुमी. रानात एक तुकडा ठिवणार न्हाई. शब्द हाय माझा."

*

मग सगळे वेचायला बसलो. म्हणजे ते वेचत होते, मी सावलीतून दाखवत होतो. "तिकडं एक राहिलाय!"

ढीग बघून सुलतानभाईनं हात वर केले. "मातीसकट न्हाई घेणार. मी पन्नी घेतो, शेत न्हाई!"

बापूरावाच्या बायकोनं, सुलोचनावहिनींनी, पदर खोचला. हौदावर कागद धुतला, दोरीवर वाळत घातला. वाऱ्यात चंदेरी पट्टे असे सळसळायलेत, की वाटेनं जाणाऱ्या बाया थबकल्या. "वहिनी, लय भारी साड्या! कुठून आणल्या?"

"नवाबाच्या पोटातून!"

बाभळीचं कोडंही वहिनींनीच सोडवलं. "देवाचं वस्त्र मळलंय, धुवायला उतरवते." कोण अडवणार?

पेरणीनंतर कापसाच्या ओळींत बापूरावानं कागदाऐवजी सोयाबीनचं भुसकट पसरलं. "तुमच्या रानातल्या कागदाचं काय, भावजी?" वहिनींनी मला विचारलं.

"बघू की पुढल्या साली!"

*

नवाबाची जखम भरली, पण जीव काही खाण्यावर येईना. दोन घास घ्यायचा, रवंथ करता करता मधेच थांबायचा, काहीतरी आठवल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, "आता त्याच्या मनावर हाय." बरगड्या नवाबाच्या दिसत होत्या, गालफडं बापूरावाची बसली होती.

पोळ्याच्या आदल्या सांजेला बापूरावानं त्याचे खांदे हळद-लोण्यानं मळले. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." नवाबानं डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी पळसाच्या पानावर पुरणपोळी आणली. नवाबानं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"घ्या ओ," बापूराव म्हणाला.

नवाब चालायला लागला. मागं कासरा लोंबतोय, त्यामागं बापूराव, पान घेऊन वहिनी, सुलतानभाई आणि मी. घुंगरांशिवाय कशाचाच आवाज नाही. धुऱ्यावरच्या बाभळीखाली तो थांबला आणि पुढच्या खुरानं माती उकरली. एकदा. पुन्हा एकदा.

बापूराव खाली बसला. त्यानं हातानं माती बाजूला सारली. विड्याच्या पानाएवढा चंदेरी तुकडा वर आला.

त्यानं तो पुसून खिशात ठेवला. सुलतानभाईनं वाकून आणखी काही राहिलंय का बघितलं.

नवाबानं मान वळवली, वहिनींच्या हातातली पोळी खाल्ली. दुसरी खाल्ली. मग बाभळीखाली बसून, डोळे मिटून, सावकाश रवंथ करत राहिला. बापूराव त्याला टेकून रडत होता की झोपला होता, कळंना.

ऊन कललं तसा नवाब उठला. अंग झाडलं, धुरा ओलांडून माझ्या रानात आला, एक खूर उचलला आणि माझ्याकडं बघितलं.