पीएचपी मेली

शिरगावहून स्टेशनला जाणाऱ्या शेअर रिक्षात तो रोज मधल्या सीटवर असायचा. लॅपटॉपची बॅग पोटाशी, रुमाल गुडघ्यावर. मीही वेबसाइटी बनवतो हे कळल्यापासून तो रोज एक निकाल द्यायचा. "पीएचपी मेली." "रिअ‍ॅक्ट चार दिवसांची पाहुणी." "डेटाबेस म्हणजे पोस्टग्रेस, बाकी टाइमपास." निकाल दिला की रुमाल घडी करून खिशात. मग अपील नाही.

मी घाबरट माणूस. त्याच्या शब्दावर पीएचपीत कोड लिहायची नोकरी सोडली, दोन वर्षांत तीन नव्या गोष्टी शिकलो. तिन्ही त्याने एकेक करून मारल्या.

परवा इंटरव्ह्यूला निघालो तेव्हा पहिल्यांदाच विचारलं, "तुम्ही स्वतः कशात काम करता?"

"पीएचपी. सतरा वर्षं, एकाच कंपनीत."

"अहो, पण ती मेली म्हणालात ना?"

"मेलीच आहे," रुमालाची घडी घालत तो म्हणाला. "पण मयताजवळ कोणीतरी बसायला लागतं. सगळेच उठून गेले तर कसं चालेल?"

स्टेशन आलं. तो कामावर गेला.

इंटरव्ह्यूत त्यांनी पहिलंच विचारलं, "पीएचपी येते का?"

"ओळखत होतो," मी म्हणालो.