समोरच्या प्लॉटवरची शाळा

माहितीच्या अधिकाराचा कायदा नवा नवा आला, तेव्हा आमच्या मराठी मंडळाने ठरवून टाकलं की तो मला येतो. कारण एवढंच, की मी केंद्र सरकारच्या नोकरीत होतो आणि त्यावरच्या एका ट्रेनिंगला जाऊन आलो होतो. ट्रेनिंगमधलं जेवण उत्तम होतं, बाकी काही डोक्यात शिरलं नव्हतं. तरीही एका रविवारी, दिल्लीला लागून पण यमुनेपलीकडे, उत्तर प्रदेशात असलेल्या आमच्या नव्या सोसायटीच्या हॉलमध्ये, पोहे खात बसलेल्या मराठी मंडळींना मी ठणकावून सांगितलं, "सरकारला काहीही विचारा. अर्ज आपल्या भाषेत चालतो."

आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी ते मनावर घेतलं. त्या नागपूरच्या, दिल्लीत एका मंत्रालयात स्टेनो. नवरा बदलीवर आसामात. त्यांनी इथे फ्लॅट घेतला तोच मुळी समोरच्या प्लॉटवर नकाशात शाळा दाखवली होती म्हणून. प्रत्यक्षात तिथे म्हशी चरत होत्या. मुलीचं आजवर ऑफिसच्या पाळणाघरात भागलं, पण आता ती पहिलीत जाणार होती. दूरच्या शाळेतून तिला दुपारी आणणार कोण? एप्रिलपर्यंत समोरची शाळा उभी राहिली नाही, तर लेकीला नागपूरला आजीकडे ठेवावं लागणार होतं. त्या विचारानेच वहिनींचा चेहरा उतरायचा.

त्यांनी सुरेख मराठीत अर्ज लिहिला, "आमच्या समोरची शाळा केव्हा सुरू होणार?" आणि थेट दिल्लीत कोपर्निकस मार्गावर, आपल्या राज्याच्या अतिथीगृहात नेऊन दिला! तिथला माणूस भला होता. म्हणाला, "ताई, खोली हवी तर बघतो. शाळा कुठून देऊ?"

मी डोक्याला हात लावला. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच म्हणालात ना आपल्या भाषेत चालतो? मग मराठी वाचणारं सरकार दिल्लीत दुसरं कुठलं?"

नोकरी केंद्राची, घर उत्तर प्रदेशात आणि आपलं म्हणून ज्याच्यावर रागवावं ते सरकार मुंबईत. यातल्या कुणाला काय विचारायचं, हे ट्रेनिंगमध्ये सांगितलं असेलही. शेवटी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला गाठलं.

"अर्जी हिंदी में लिखो, यार, और वहीं की अथॉरिटी को दो," तो म्हणाला. "और 'कब' मत पूछो. जो फाइल में है, वही मिलेगा."

"पण तिला तर 'केव्हा' हेच हवंय."

"वो फाइल में नहीं होता," असं म्हणून त्याने चहा मागवला.

मी आणखीच गोंधळलो. जे माणसाला खरोखर जाणून घ्यायचंय, नेमकं तेच या कायद्यात बसत नाही की काय? तरी आम्ही आमच्या भागाच्या विकास प्राधिकरणाकडे हिंदीत नवा अर्ज केला. प्लॉट कशासाठी राखीव आहे, त्यात बदल झालाय का, तो कुणाला दिलाय, नकाशाची प्रत द्यावी. टाइप करता करता वहिनी थांबल्या. "यात माझा प्रश्न कुठंय?"

"हाच तो," मी म्हणालो. माझं मलाच पटलं नव्हतं.

उत्तर चक्क मुदतीत आलं. प्लॉट शाळेसाठीच राखीव, बदल नाही, अद्याप कुणालाही दिलेला नाही. सोबत शिक्क्यानिशी नकाशा. मंडळात निम्मे म्हणाले, अरे वा, जिंकलो, पेढे आणा. उरलेले म्हणाले, हा अन्याय आहे, अपील करा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ट्रेनिंगचे कागद चाळले. माहिती नाकारली, अर्धवट दिली किंवा चुकीची दिली, तर अपील. इथे तर सगळी दिली होती, स्वच्छ आणि खरी. मला त्या कागदाचा भयंकर राग आला आणि त्यात बोट ठेवायला जागा सापडेना.

संध्याकाळी वहिनी लेकीला घेऊन वर आमच्याकडे आल्या आणि त्यांनी तो कागद पुन्हा एकदा वाचला. "म्हणजे उत्तर मिळालं, असंच ना भाऊ?"

"हो, वहिनी."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि लेकीला माझ्याजवळ बसवून नागपूरला आईला फोन लावायला खाली गेल्या.