दीड हात गोट

थोरल्या जाऊबाईंना नीट दिसत नाही, हे घरात दोघींनाच ठाऊक होतं. एक त्या स्वतः आणि दुसरी त्यांची धाकटी जाऊ. गंमत म्हणजे या दोघीही त्याबद्दल एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. जाऊबाई सकाळी म्हणायच्या, "अगं, मला आज फार कामं आहेत. जरा दहा सुया ओवून ठेव." धाकटी दहा सुया ओवायची, खिडकीतल्या छोट्या उशीला टोचून ठेवायची आणि आपल्या कामाला निघून जायची. आठ महिने हे असंच चाललं होतं. जाऊबाईंना नेमकी कसली कामं असतात, हे तिने एकदाही विचारलं नाही.

विचारायची गरजच नव्हती. धाकटी दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसते. मान किंचित वळवून, समोरच्याच्या कानाकडे बघत बोलणारी माणसं तिने तिथे कितीतरी पाहिली होती. नजरेतलं मधलं पुसत जातं आणि कडेकडेचं तेवढं राहतं, हे तिला माहीत होतं. जाऊबाई हल्ली तिच्या कानाशी बोलत होत्या. शिवाय बटणांच्या डब्यात डोळ्यांसाठीच्या गोळ्यांची एक बाटली तिला सापडली होती. म्हणजे बाईसाहेब एकट्याच जाऊन डॉक्टरांना दाखवून आल्या होत्या आणि घरात ताकास तूर लागू दिली नव्हती.

लपवायचं कारण होतं त्यांचा मुलगा. तसा मुलगा गुणाचा, पण काळजी करायला लागला की जेलरसारखा वागतो. मागे जाऊबाई जिन्यात एक पायरी चुकल्या, तेव्हा त्याने सरळ सांगून टाकलं होतं, "आई, तुझ्या डोळ्यांत काही दोष निघाला ना, तर ही शिवणाची पेटी बंद. आणि तू माझ्याकडे राहायला यायचं." त्याचं घर दुसऱ्या गावात, चौथ्या मजल्यावर. तिथे जाऊन हात मांडीवर ठेवून बसायचं, या कल्पनेनेच जाऊबाईंची झोप उडाली होती.

आणि ते हात तरी कसले! बत्तीस वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कॉलरी लावल्या. तिथे त्यांना सगळे कॉलरबाई म्हणत. कॉलरचं टोक जरा बोथट निघालं की त्या अख्खा शर्ट उसवायला लावत. "पोराला वर्गात मान ताठ करून बसायचं असतं," म्हणत. मालकसुद्धा त्यांच्या टेबलाजवळून जाताना आपली कॉलर चाचपून जायचा. नवरा लवकर गेला, तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. त्याला वाढवलंच, वर धाकटीची लेकही सांभाळली. धाकटीला नोकरी करता आली ती त्यामुळेच. त्यासाठी त्यांनी पाच वर्षं रात्रपाळी धरली, आणि उपकाराचा उच्चारही कधी केला नाही. उलट "पोर तुझ्यापेक्षा माझ्याजवळ शहाणी राहते" एवढंच ऐकवलं. ते खरंही होतं, म्हणून जास्त झोंबायचं.

कारखान्यातून उरलेल्या चिंध्या त्या पिशवी भरभरून घरी आणत आणि त्यांच्या गोधड्या करत. घरातल्या प्रत्येक पोराला त्यांची एक गोधडी मिळाली. बाकीचं त्या मशीनवर शिवत, पण गोट, म्हणजे चारी बाजूंनी कडेला लावायची पट्टी, ती मात्र हातानेच. "गोधडी आधी कडेला झिजते," त्या सांगत. "वरचा थर, आतला कापूस आणि खालचा थर, तिघांना धरून ठेवतो तो गोट. तिथे घाई नको."

या गोटाला धाकटीने हात लावायचा नाही, असा घरातला कायदा होता. लग्न होऊन आली तेव्हा तिने दिराच्या शर्टाला बटण लावलं, ते पुढची बाजू मागच्या बाजूला शिवून. "हात आहेत की फावडी?" जाऊबाईंनी विचारलं, आणि तीस वर्षांत तिची बढती झाली ती या सुया ओवण्यापर्यंतच. कारखान्यातही एखादी नवी मुलगी बाही शिवताना ती आपल्याच झग्याला शिवून बसली, की कॉलरबाई तिला तशीच सगळ्या दालनातून फिरवून आणत. घरी येऊन ते साभिनय सांगत आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत.

या खेपेची गोधडी होती धाकटीच्या लेकीसाठी. पोरीला लांबच्या शहरात नोकरी लागली होती. रविवारी चारची बस. राखाडी आणि निळ्या तुकड्यांची गोधडी, तिला लालसर तपकिरी गोट. जाऊबाई महिनाभर त्याच्यामागे होत्या. तीन बाजू शुक्रवारपर्यंत झाल्या. चौथीला त्या रविवारी सकाळी बसल्या, तेव्हा उशीवर दहाऐवजी पंधरा सुया होत्या. त्यांनी बोटांनी मोजल्या आणि पहिली उचलली.

दोन वाजता मुलगा गाडी घेऊन आला. बहिणीला बसवर तोच सोडणार होता. पावणेतीनला जाऊबाईंनी शेवटची गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि "झाली बघ. घडी घाल," म्हणत त्या ऐटीत उभ्या राहिल्या.

त्यांच्याबरोबर गोधडीही उभी राहिली.

चांगला दीड हात गोट त्यांच्या गाऊनला शिवला गेला होता. गाऊन गुडघ्यापर्यंत वर आला आणि गोधडी पुढे लोंबायला लागली. जाऊबाईंचा हात चाचपत खाली गेला, शिवणीवर थांबला आणि त्यांचा चेहरा उतरला. तीस वर्षांत धाकटीने तो चेहरा तसा कधी पाहिला नव्हता. तिला ते सहन झालं नाही.

"अगं बाई, माझंच चुकलं!" ती जोरात म्हणाली. "मगाशी जाऊबाईंना डुलकी लागली होती, म्हटलं तेवढाच हातभार लावावा. बसले आणि शिवलं त्यांच्याच गाऊनला!"

मुलगा खो खो हसला. "काकू, तुला कुणी सांगितलं होतं गं?" लेकही हसली. "आई, तुझ्यापुढे ते बटणसुद्धा फिकं पडलं!" धाकटीवर हसायची घराला सवयच होती, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. आता जाऊबाईंनी फक्त गप्प राहायचं होतं.

पण त्यांचं बोट त्या शिवणीवरून फिरत होतं. एकदा फिरलं, पुन्हा फिरलं. मग त्या मान वळवून मुलाच्या कानाच्या दिशेने म्हणाल्या, "हिचे? हे टाके हिचे? सात जन्म घेतले तरी हिच्या हातून असा टाका पडायचा नाही. माझे आहेत. मला मधलं दिसत नाही, म्हणून मांडीवरचा गाऊन कळला नाही. आठ महिने झाले."

धाकटीने कपाळाला हात लावला. एवढं सांभाळलेलं गुपित या बाईने चार टाक्यांच्या अभिमानापायी घालवलं! पण खरं सांगायचं तर त्याच घटकेला तिला जाऊबाई जितक्या आवडल्या, तितक्या कधीच आवडल्या नव्हत्या.

मुलाचं हसू मावळलं. "मी म्हटलंच होतं," एवढं बोलून त्याने पेटीतली कात्री उचलली आणि तो आईच्या पायाशी बसला. "थांब, आधी हे सोडवतो. मग बोलू." त्याने कापड डोळ्यांजवळ नेलं, चष्मा वर केला, खाली केला. टाका सापडेना. "उजेडाकडे ये जरा," म्हणाला. उजेडातही सापडेना. लेकीने बघितलं, तिलाही नाही. गोट आणि गाऊन जणू एकाच ताग्यातून निघाले होते.

"चार डोळे आहेत ना तुम्हाला?" जाऊबाई म्हणाल्या. "मग शोधा."

मुलाने कात्रीचं टोक कापडात खुपसून पाहिलं.

"ठेव ती कात्री. कापड कापशील." जाऊबाईंनी अंगठ्याच्या नखाने शिवण चाचपली, नख एका जागी रुतवलं, सुईच्या टोकाने दोरा उचलला आणि टाका सुटला. मग दुसरा, तिसरा. हातच्या काकणाला आरसा कशाला? पाव तासात दीड हात गोट मोकळा झाला आणि गाऊनवर साधं भोकही दिसेना.

सव्वातीन होत आले होते. "मोठ्या काकू, राहू दे, मी अशीच नेते," लेक म्हणाली.

"उघड्या कडेची गोधडी माझ्या हातून जायची नाही." जाऊबाईंनी एक सुई काढून धाकटीसमोर धरली. "घे. तू त्या टोकाने ये, मी या टोकाने येते."

"मी?"

"मग काय, बसचा ड्रायव्हर येणार आहे?"

धाकटीने सुई घेतली. पहिल्याच टाक्याला बोट टोचलं. ती वीतभर पुढे सरकली, तेवढ्यात जाऊबाई हातभर शिवून तिच्यापाशी येऊन पोचल्या. त्यांनी दोन्ही दोरे एका गाठीत बांधले आणि मग धाकटीच्या वीतभर शिवणीवरून सावकाश बोट फिरवलं. धाकटी निकालाची वाट बघावी तशी बघत राहिली.

"टाके कसले, पायऱ्या आहेत," जाऊबाई म्हणाल्या. "पण पक्क्या आहेत."

मुलगा बहिणीला बसवर सोडून परत आला, तेव्हा त्याने शिवणाची पेटी उचलली. धाकटी त्याला अडवायला पुढे झाली. त्याने पेटी खिडकीशी, उजेडात नेऊन ठेवली. "पुढच्या वेळी डॉक्टरांकडे मी येणार तुझ्याबरोबर," एवढंच तो म्हणाला.

"ये," जाऊबाई म्हणाल्या. "कात्री आणू नकोस."

आठवड्याने लेकीचा फोन आला. गोधडीवरून बोट फिरवलं, की मोठ्या काकूंचे टाके कुठे संपतात आणि आईचे कुठे लागतात ते डोळे मिटूनही कळतं, असं ती म्हणाली. झोपताना ती कडच गळ्याशी घेते म्हणे. धाकटीने हे जाऊबाईंना सांगितलं आणि आता टोमणा येणार म्हणून तयारीत उभी राहिली.

जाऊबाईंनी सुयांची उशी तिच्या पुढे सरकवली.

"उद्यापासून वीस ओव," त्या म्हणाल्या. "दहा माझ्या, दहा तुझ्या."