एकाच गावचे

मला एक खोड आहे. इथे जर्मनीत, रेगेन्सबर्गच्या बसमध्ये कुणाचं "अगं" कानावर पडलं की मी मान वळवते, ओळख काढते आणि दोन थांब्यांत आमची गाडी "म्हणजे तुम्ही कोथरूडच्या?" इथवर पोचलेली असते. गाववाला भेटला की माणसाला आनंद व्हायलाच हवा, अशी माझी ठाम समजूत होती. त्या समजुतीपायीच यंदाच्या गणपतीत मी घोळ घातला.

आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहतात. नव्वदच्या दशकातल्या युद्धात बोस्नियातून जीव वाचवून त्या इथे आल्या. माझी लेक किंडरगार्टन सुटल्यावर त्यांच्याकडेच असते, त्यांना ओमा, म्हणजे आजी म्हणते. माझ्या मराठीला जर्मनमध्ये उत्तरं देणारी ही पोर त्यांच्याशी मात्र त्यांच्या भाषेत चुरूचुरू बोलते. त्यांच्या समोरच्या दारातले काका सर्बियाचे. युद्धाच्या आधीपासून इथल्या गाड्यांच्या कारखान्यात होते, आता निवृत्त झालेत. दोघंही मूळचे युगोस्लाव्हियातले. जिन्यात भेटले की 'मोर्गन' म्हणायचे, बस्स. मला वाटायचं, बुजत असतील बिचारे.

गणपती बसला त्या दिवशी आरतीनंतर मी दोघांना सोफ्यावर शेजारी शेजारी बसवलं, मोदकांची ताटली मधे ठेवली आणि जर्मनमध्ये जाहीर केलं, "तुम्ही तर एकाच गावचे! बोला की आपल्या भाषेत!"

काकांनी अवघडून ताटली बाईंकडे सरकवली आणि त्यांच्या भाषेत हळूच काहीतरी म्हणाले. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या उठल्या, चपला घातल्या आणि गेल्या.

"अगं, त्यांच्या लोकांत लढाई झाली होती," नवरा स्वयंपाकघरात कुजबुजला.

"आणि हे तू मला आत्ता सांगतोयस?" मी त्याच्यावरच डाफरले. खरं तर मलाही ठाऊक होतं. लहानपणी टीव्हीवरच्या बातम्यांत बोस्नियातल्या साराजेव्होचं नाव यायचं आणि आम्ही वरणभात कालवत ते ऐकायचो. त्या बातम्यांतलं माणूस कधी आपल्याच जिन्यात भेटेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दार उघडलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. ऑफिसातून लवकर निघून लेकीला आणणं मी कसंबसं जमवत होते. पण येता-जाता ती त्या दारापाशी थांबायची आणि ओमा रागावली का, असं विचारायची. तिची खरी आजी पुण्यात, फोनच्या पडद्यावर. कुशीत घेणारी आजी ही एवढीच, आणि ती मी माझ्या आगाऊपणाने घालवली, या विचाराने मला रडू यायचं.

विसर्जनाच्या दिवशी सकाळी मी पुन्हा बेल वाजवली. या वेळी दार उघडलं. माझी माफी अर्धवट ऐकून बाईंनी तांब्याच्या छोट्या भांड्यात कॉफी उकळली आणि साखरेचा खडा माझ्यापुढे ठेवला.

"त्यांच्यावर राग नाही माझा," त्या म्हणाल्या. "लढाईच्या वेळी ते इथेच होते, मला माहीत आहे. पण ताटली देताना ते म्हणाले, 'ताई, खा.' माझा भाऊ असंच म्हणायचा. लढाई चालू असताना पाणी आणायला गेला, तो आलाच नाही. त्यानंतर मला आमच्या भाषेत कुणी ताई म्हटलं नव्हतं. मला तिथे बसवेना."

"बरं तर, संध्याकाळी या," मी म्हटलं. "नाही आलात तर मोदक मी खाली आणून देईन."

"गूळ जरा कमी घाला," त्या म्हणाल्या. ते ऐकून मला इतकं हायसं वाटलं की जिना मी जवळजवळ पळतच चढले.

संध्याकाळी बाल्कनीत बादली भरून ठेवली. काका आले आणि दाराजवळच उभे राहिले, जणू चूक त्यांचीच होती. मागोमाग बेल वाजली आणि लेक धावत जाऊन ओमाच्या पायांना बिलगली. या वेळी मी कुणालाही कुठेही बसवलं नाही, तोंडही उघडलं नाही. बाप्पा पाण्यात गेल्यावर बाईंनी स्वतःच ताटली उचलली, काकांपुढे धरली आणि दोनच शब्द बोलल्या. काकांनी मोदक घेतला, पण खाली घातलेली मान बराच वेळ वर केली नाही.

"काय म्हणाली गं ओमा?" मी लेकीला हळूच विचारलं.

एरवी मराठीत तोंड न उघडणारी माझी लेक म्हणाली, "दादा, खा."